आसरा किती महिन्यांचा?

पांडुरंग सदाशिव खानखोजे मूळचे वर्ध्याचे. १९०६च्या सुमारास ते देशाबाहेर पडले, जपानमार्गे अमेरिकेत पोचले, तिथे शेतकी शिकले आणि गदर चळवळीत उतरले. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये ते इंग्रजांविरुद्ध लढले आणि त्यानंतर मायदेशाचा रस्ता त्यांच्यासाठी बंद झाला. १९२४मध्ये मेक्सिकोत पोचले तेव्हा त्यांच्याजवळ शेतकीचे शिक्षण होते आणि एक जुनी ओळख होती. रामोन दे नेग्री हे सॅन फ्रान्सिस्कोत मेक्सिकोचे वाणिज्यदूत असताना झालेली ती ओळख. तोवर दे नेग्री मेक्सिकोच्या सरकारात शेतीमंत्री झाले होते. खानखोज्यांना चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवण्याची जागा मिळाली. तिथे त्यांनी मक्यावर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतकी शाळा काढल्या. तीना मोदोत्तीने त्यांच्या मक्याची छायाचित्रे काढली, दिएगो रिवेराने शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या भित्तिचित्रात त्यांना पाव वाटताना रंगवले. स्वातंत्र्य मिळाल्यावरही लगेच येणे झाले नाही. १९५५मध्ये ते कुटुंबासह नागपूरला परतले.

खानखोजे क्रांतिकारक आणि शास्त्रज्ञ होते, व्यावसायिक लेखक नव्हते. तरीही परागंदा लेखकांच्या रेसिडेन्सीबद्दल विचारणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदा त्यांचेच उदाहरण देतो. त्यांना कुणी दोन वर्षांचा फ्लॅट आणि दरमहा विद्यावेतन दिले नाही. त्यांना काम मिळाले, आणि कामाला शेवटची तारीख नव्हती. आजच्या योजना नेमक्या उलट आहेत. घर मिळते, पैसे मिळतात, विमा मिळतो आणि पहिल्याच पत्रात शेवटची तारीखही छापलेली असते. म्हणून कुठल्याही योजनेचा कागद हाती आला की रकमेचा आकडा नंतर वाचा. मुदत किती, आणि ती संपल्यावर त्या देशात राहण्याची कायदेशीर वाट आहे का, एवढे आधी शोधा. या लेखात मी पुन्हा पुन्हा त्याच प्रश्नाकडे येणार आहे.

हे वर्ध्यात बसून कुणासाठी लिहायचे? एक तर इथे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. १९९७पासून ते उभे आहे, परदेशी विद्यार्थी तिथे हिंदी शिकायला येतात. एखाद्याच्या देशात तो इथे असतानाच सत्ता पालटली तर पदवी हातात आणि घर मात्र नाही, अशी त्याची अवस्था होते. ऑगस्ट २०२१मध्ये काबूल पडले तेव्हा भारतभरातल्या अफगाण विद्यार्थ्यांची हीच गत झाली. दुसरे, आपलेच लोक. २०१३मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची आणि २०१५मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरेंची हत्या झाल्यावर मराठीत लिहिणाऱ्याला धोका नसतो, असे म्हणायची सोय उरलेली नाही. आणि तिसरे, दोघांनाही मदत करू पाहणारे: प्राध्यापक, संपादक, ग्रंथपाल, संस्थांचे विश्वस्त. या तिसऱ्या गटाला जितकी माहिती हवी तितकी सहसा नसते.

एकाच नावाखाली चार गोष्टी

'रेसिडेन्सी' म्हटले की आपल्याकडे आयोवा आठवते. १९६७मध्ये पॉल एंगल आणि हुआलिंग निए यांनी सुरू केलेला तो आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम. दिलीप चित्रे १९७५मध्ये तिथे गेले होते. पण ती मानाची रेसिडेन्सी. काही आठवडे लिहायला निवांत जागा, जगभरच्या लेखकांची सोबत, मग घरी परत. ज्याला घरी परतता येत नाही त्याच्या ती उपयोगाची नाही. उलट तिथून परतीचे विमान न पकडल्यास व्हिसाचा भंग होतो आणि पुढचा प्रत्येक अर्ज अवघड होऊन बसतो. 'तिथेच राहून जा' असा सल्ला देणारे हितचिंतक भेटतात. त्यांचे ऐकू नका.

आश्रयाची रेसिडेन्सी वेगळी. तिचा आजचा साचा अल्जीरियातल्या हत्यांमधून आला. लेखक ताहर जाऊत यांना १९९३मध्ये मारण्यात आले आणि त्यानंतर लेखकांची आंतरराष्ट्रीय संसद स्थापन झाली. सलमान रश्दी आणि वोले सोयिंका हे तिचे अध्यक्ष होते. सरकार आश्रय द्यायला वेळ लावते, शहर मात्र घर देऊ शकते, अशी त्यामागची कल्पना होती. त्या प्रयत्नाचा वारसा २००६पासून 'आयकॉर्न' हे आश्रय देणाऱ्या शहरांचे जाळे चालवते. त्याचे कार्यालय नॉर्वेतल्या स्टावांगर शहरात आहे. सदस्य शहरे मुख्यतः युरोपातली, थोडी अमेरिका खंडांतली. साधारण दोन वर्षे घर, विद्यावेतन आणि मदतीला शहराने नेमलेला एक समन्वयक अशी व्यवस्था असते. अर्ज शहराकडे करायचा नसतो, आयकॉर्नकडे करायचा असतो. शहर निवडता येत नाही. धोका खरा आहे का आणि तो लिखाणामुळेच आहे का, हे 'पेन इंटरनॅशनल' या लेखकांच्या जागतिक संघटनेच्या मदतीने तपासले जाते. पात्र ठरलात तरी जागा रिकामी होईपर्यंत थांबावे लागते, आणि ते थांबणे वर्षभराचेही असू शकते. हा वेळ कुठे आणि कशावर काढायचा याची तजवीज अर्ज करण्याआधीच करावी लागते.

जर्मनीत 'पेन'चा परागंदा लेखकांसाठी स्वतंत्र कार्यक्रम १९९९पासून आहे. घर आणि विद्यावेतन देणारा, तुलनेने लांब मुदतीचा. अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये 'सिटी ऑफ असायलम' आहे. पहिले पाहुणे, चिनी कवी ह्वांग श्यांग, २००४मध्ये आले आणि त्यांनी मिळालेल्या घराच्या बाहेरच्या भिंतींवरच आपल्या कविता रंगवल्या. मेक्सिको सिटीत कासा रेफुहिओ सित्लाल्तेपेत्ल हे लेखकांचे आश्रयघर नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू झाले.

तिसरा प्रकार अभ्यासकांच्या फेलोशिपचा. हा सगळ्यांत जुना. १९३३मध्ये हिटलरने विद्यापीठांतून ज्यू प्राध्यापकांना काढले तेव्हा ब्रिटनमध्ये जी मदत परिषद उभी राहिली ती आज 'कारा' या नावाने काम करते. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलने हद्दपार प्राध्यापकांसाठी वेगळे विद्यापीठच उघडले. आज न्यूयॉर्कहून चालणारे 'स्कॉलर्स ॲट रिस्क' हे विद्यापीठांचे जाळे, अमेरिकेतल्या 'आयआयई' या संस्थेचा स्कॉलर रेस्क्यू फंड, फ्रान्सचा 'पॉज' कार्यक्रम आणि जर्मनीतल्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानचा फिलिप श्वार्ट्झ उपक्रम ही ठळक नावे. रेस्क्यू फंड एका वर्षासाठी २५,००० डॉलरपर्यंत आणि आरोग्य विमा देत आला आहे, आणि यजमान विद्यापीठानेही आपला वाटा उचलावा अशी त्याची अपेक्षा असते. श्वार्ट्झ उपक्रमात तर अर्ज जर्मन विद्यापीठानेच करायचा असतो, अभ्यासकाने नव्हे. पीएच.डी. लागते आणि देश सोडून ठरावीक वर्षांपेक्षा जास्त काळ लोटलेला चालत नाही. हे कलम अनेकांना उशिरा कळते. आधी शेजारच्या देशात त्याहून जास्त वर्षे काढली आणि मग अर्ज केला, तर धोका खरा असूनही दार बंद.

चौथी गोष्ट तातडीच्या मदतीची: तिकीट, दोन-तीन महिन्यांचे भाडे, वकिलाची फी, औषधे. पत्रकारांसाठी 'कमिटी टू प्रोटेक्ट जर्नालिस्ट्स' आणि 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स', हक्कांसाठी काम करणाऱ्यांसाठी 'फ्रंट लाइन डिफेंडर्स', लेखकांसाठी 'पेन'चा आपत्कालीन निधी. रक्कम लहान असते, निर्णय त्या मानाने लवकर होतो. आयकॉर्नच्या प्रतीक्षेतले महिने बहुतेक लोक अशाच मदतीवर काढतात.

स्वतःला यांपैकी कुठल्या खणात बसवायचे हे कामाच्या स्वरूपावर ठरते. कवी असाल आणि महाविद्यालयात शिकवतही असाल तर दोन्हीकडे अर्ज करा, पण प्रत्येक अर्जात दुसऱ्याचा उल्लेख करा. या संस्था एकमेकांना फोन करतात.

फाइल

अर्ज इंग्रजीत एका रात्रीत लिहिता येतो. फाइल मात्र एका रात्रीत होत नाही, आणि निर्णय फाइलवर होतो. धोका आल्यावर ती जमवायला बसलेल्या माणसाची धावपळ बघवत नाही. म्हणून हा भाग जरा सविस्तर.

फाइलचे दोन भाग. पहिल्यात तुम्ही कोण आहात याचा पुरावा: छापील पुस्तकांची मुखपृष्ठे आणि श्रेयनामाची पाने, मासिकांतल्या लेखांची अनुक्रमणिकेसह छायाचित्रे, पुरस्काराची पत्रे, परीक्षणे. मराठी लेखकाची इथे एक खास अडचण असते. त्याचे निम्मे लिखाण दिवाळी अंकांत असते आणि त्यांतले कितीतरी अंक आता खुद्द संपादकाकडेही नसतात. घरचा माळा, जिल्हा ग्रंथालय, मित्रांची कपाटे, जिथून मिळतील तिथून ते गोळा करून स्कॅन करून ठेवावेत. शिवाय दहा-पंधरा पानांचा चांगला इंग्रजी अनुवाद लागतोच. तो 'गूगल'वरून करून चालत नाही. निवड समितीवर लेखक असतात. वर्ध्या-नागपुरात इंग्रजी शिकवणारे आणि मराठी मनापासून वाचणारे प्राध्यापक आहेत. अनुवाद हीच त्यांची मदत. अनुवादकाचे नाव मात्र त्याला विचारल्याशिवाय पुढे देऊ नका. धोका त्याच्यापर्यंतही पोचू शकतो.

दुसऱ्या भागात धोक्याचा पुरावा. इथे लोक आवेशाने लिहितात आणि कागद कमी लावतात. करायचे याच्या उलट. तारीखवार टिपण करा: कोणत्या दिवशी काय छापले, कोणत्या दिवशी कुणाचा फोन, कोणत्या दिवशी पोलिसांत अर्ज, त्यावर काय झाले. धमकीचा संदेश नुसता स्क्रीनशॉट म्हणून ठेवू नका. पाठवणाऱ्याचा क्रमांक किंवा खाते, तारीख, वेळ आणि पत्ता दिसेल असा घ्या आणि मूळ संदेश फोनमध्ये राहू द्या. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नसेल तरी तक्रारअर्जाची पोच घ्या. टपालाने पाठवलेल्या अर्जाची पोचपावतीही कागदच आहे. बातम्यांची कात्रणे वर्तमानपत्राच्या नावासह आणि तारखेसह हवीत. जे घडले नाही ते घडले म्हणू नका, आणि जे घडले ते वाढवून सांगू नका. तपासणारे लोक वर्षानुवर्षे हेच वाचत असतात. एक अतिशयोक्ती सापडली की उरलेल्या खऱ्या पानांवरूनही त्यांचा विश्वास उडतो.

शिफारसपत्रे दोन किंवा तीन पुरेत. मोठ्या नावाच्या माणसाचे चार ओळींचे पत्र आणि तुमचे काम वाचलेल्या अल्पपरिचित संपादकाचे दीड पानाचे पत्र यांत दुसरे घ्या. पत्रलेखकाने तीन गोष्टी सांगाव्यात: मी या व्यक्तीला किती वर्षे आणि कोणत्या नात्याने ओळखतो, तिचे कोणते लिखाण मी वाचले आहे, आणि धोक्याबद्दल मला स्वतःला काय ठाऊक आहे. ऐकीव माहिती ऐकीव म्हणूनच लिहावी. मुंबईत सोफिया वाडिया यांनी १९३३मध्ये स्थापन केलेले अखिल भारतीय 'पेन' केंद्र आहे. अशा संस्थेला तुमची माहिती असणे उपयोगाचे ठरते, कारण 'पेन इंटरनॅशनल' चौकशी करते तेव्हा स्थानिक केंद्राकडेही विचारणा होऊ शकते.

मग पासपोर्ट. त्याची मुदत सहा महिन्यांवर आली की बहुतेक देश व्हिसा देत नाहीत. भारतीय लेखकावर फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट मिळण्यात, नूतनीकरणात आणि देशाबाहेर जाण्यात अडथळा येतो. अशा वेळी ज्या न्यायालयात खटला आहे त्याची परवानगी घ्यावी लागते. वकिलाशी ही गोष्ट अर्जाच्या आधी बोला, तिकीट काढल्यावर नव्हे. परक्या देशाच्या लेखकाची अडचण आणखी बिकट, कारण पासपोर्ट नवा करायला त्याला ज्या सरकारपासून तो पळाला त्याच सरकारच्या दूतावासात जावे लागते. मुदत शिल्लक असतानाच त्याने अर्ज करायला हवेत.

नागपूर विद्यापीठाच्या पदव्या असणाऱ्यांनी ट्रान्स्क्रिप्ट आणि पदवी प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रती आधीच काढून ठेवाव्यात. कोणत्या देशाला कोणत्या प्रकारचे साक्षांकन चालते ते यजमान संस्थेला विचारून मगच खर्च करा.

सगळ्या फाइलच्या तीन प्रती हव्यात: एक आपल्याजवळ, एक परगावच्या विश्वासू माणसाकडे, एक पासवर्ड लावून ऑनलाइन. आणि कुठे अर्ज केला आहे हे फेसबुकवर लिहू नका, साहित्यसंमेलनाच्या मांडवात सांगू नका. अभिनंदने चालू होतात आणि जी माणसे शोधत असतात त्यांनाही पत्ता कळतो.

एक इशारा. कुठलीही खरी आश्रय-योजना अर्जासाठी किंवा 'प्रक्रिया शुल्क' म्हणून पैसे मागत नाही. मागितले की तिथेच थांबायचे.

तिथे गेल्यावर

पहिले दोन-तीन महिने बँक खाते, विमा कार्ड, घराचा करारनामा आणि भाषेचा वर्ग यांत जातात. या काळात पुस्तक लिहिण्याचे वचन देऊ नका. झोप लागत नाही, लिहिणे होत नाही, असे अनेकांचे होते. समन्वयकाला ते सांगा. मानसोपचाराचा खर्च बहुतेक ठिकाणी विम्यात किंवा योजनेत बसतो. मराठी माणूस याबद्दल बोलायला लाजतो.

त्याच वेळी घड्याळ चालू असते. दोन वर्षांच्या रेसिडेन्सीत पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत एक निर्णय व्हायला हवा: रीतसर आश्रय मागायचा, नोकरी किंवा शिक्षणाच्या व्हिसावर जायचे, दुसऱ्या देशातली पुढची फेलोशिप बघायची, की धोका ओसरला असेल तर परत यायचे. आश्रय मागितला की परतीचा प्रवास जवळपास बंद होतो आणि आईवडिलांना भेटायला परत गेलात तर मिळालेला दर्जा जाऊ शकतो. आश्रय न मागताही राहता आले तर बरे, असे माझे मत. पण ते प्रत्येकाच्या धोक्यावर अवलंबून आहे आणि त्या देशातल्या वकिलालाच विचारायचे आहे.

परक्या देशात टिकून राहण्याच्या बाबतीत खानखोज्यांची बाजू भक्कम होती, कारण मक्याचे वाण सगळीकडे लागते. लेखकाची भाषा मात्र परक्या मुलखात विकत नाही. म्हणून रेसिडेन्सीच्या काळातच दुसरे काहीतरी हाताशी धरावे: अनुवाद, भाषा शिकवणे, संग्रहालयातले काम, रेडिओ. स्पेनमधल्या यादवी युद्धामुळे परागंदा झालेल्या प्रजासत्ताकवादी विद्वानांसाठी १९३८मध्ये मेक्सिकोने 'कासा दे एस्पान्या' उघडले. दोनच वर्षांत त्याचे 'एल कोलेहिओ दे मेक्सिको' झाले आणि आज ती त्या देशातल्या नावाजलेल्या संशोधनसंस्थांपैकी एक आहे. पाहुण्यांना तिथे शिकवायला आणि संशोधन करायला मिळाले, म्हणून ते तिथलेच होऊन राहिले.

यजमान सरकारचे मन बदलू शकते, हेही गृहीत धरा. तस्लिमा नासरीन १९९४मध्ये बांगलादेशातून बाहेर पडल्या, युरोपात राहिल्या आणि मग भाषेसाठी कोलकात्यात आल्या. नोव्हेंबर २००७मध्ये शहरात दंगल झाली आणि त्यांना तिथून हलवण्यात आले. बंगालीत लिहिणारी बाई बंगाली शहरात राहू शकली नाही.

वर्ध्यात कुणाला ठेवायचे असेल तर

ही कल्पना अगदीच परकी नाही. हर्बर्ट फिशर हा जर्मन तरुण नाझी राजवटीतून निघून १९३६मध्ये वर्ध्याला गांधीजींकडे आला, इथल्या ग्रामकार्यात रमला, महायुद्धात इंग्रजांनी त्याला जर्मन म्हणून अटकेत ठेवले, आणि कितीतरी वर्षांनी तोच पूर्व जर्मनीचा भारतातला राजदूत झाला. गांधीजींकडच्या दिवसांवर त्याने जर्मनीत आठवणीही लिहिल्या. त्याला ठेवून घेताना कुणी फॉर्म भरला नसेल. आता भरावा लागतो.

तुमच्या घरी, आश्रमात, वसतिगृहात किंवा अतिथीगृहात परदेशी नागरिक उतरला तर २४ तासांत 'फॉर्म सी' ऑनलाइन भरणे ही यजमानाची जबाबदारी आहे. खाजगी घरमालकालाही ती लागू आहे. पाहुण्याचा व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर साधारणपणे आल्यापासून १४ दिवसांत त्याने परकीय नागरिक म्हणून नोंद करायची असते. हे काम आता बरेचसे ऑनलाइन होते आणि जिल्ह्यात नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक. १ सप्टेंबर २०२५पासून जुन्या कायद्यांची जागा घेणारा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झाला आहे; त्याचे ताजे नियम तिथेच विचारून घ्या. चोरून ठेवण्यात शौर्य नाही, त्यात पाहुण्याचेच नुकसान आहे. पोलीस अधीक्षक कार्यालयाला आधी जाऊन भेटलात तर पुढचे बरेच सोपे होते.

भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे 'निर्वासित' हा दर्जा इथे कायद्याने आपोआप मिळत नाही. अफगाणिस्तान किंवा म्यानमारसारख्या देशांतून आलेल्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांचे दिल्लीतले कार्यालय करते. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळ निर्वासितांचे काम भारत सरकार स्वतः पाहते. राज्यघटनेतला जीविताचा हक्क परकीयांनाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सांगितले आहे. पण त्यातून नोकरीचा परवाना मिळत नाही. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या लेखकाला मानधन देण्याआधी चौकशी करा. पर्यटक व्हिसावर आलेल्याला तर देऊच नका.

हिंदी विश्वविद्यालयाने आलोक धन्वा, संजीव, राजकिशोर अशा लेखकांना निवासी लेखक म्हणून बोलावले होते. म्हणजे लेखकाला घर, मानधन आणि थोडे अध्यापन देण्याची रीत वर्ध्याला ठाऊक आहे. तिचा एखादा कोपरा परागंदा लेखकासाठी ठेवता येईल, आणि विद्यापीठाने पाठवलेल्या निमंत्रणाला व्हिसा कचेरीत जे वजन असते ते एखाद्या साहित्य संघाच्या निमंत्रणाला नसते. छोट्या संस्थेने विद्यापीठाच्या आडोशाने काम करावे, हे मला जास्त व्यवहार्य वाटते. आणि परदेशातल्या लेखकाचाच विचार का करायचा? धमक्या आलेल्या मराठी लेखकाला पुष्कळदा देश सोडायचा नसतो. गाव तापलेले असते, तेवढे सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात शांतपणे राहायचे असते. त्याला व्हिसा लागत नाही, फॉर्म लागत नाही. एक खोली, दोन वेळचे जेवण, इंटरनेट आणि तोंड बंद ठेवणारे शेजारी पुरतात. वर्ध्याने सुरुवात इथूनच करावी.

आता पैसे. परदेशातून निधी घ्यायचा तर संस्थेला विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी हवी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत ठरलेले खाते हवे. नोंदणी नसेल तर परदेशी मित्राने भावनेने पाठवलेले शंभर डॉलरही घेऊ नका. व्यक्तींनाही हा कायदा लागू आहे. नोंदणीकृत वर्तमानपत्रांचे संपादक, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, वार्ताहर यांना परदेशी अंशदान घ्यायला मनाई आहे. मात्र शिष्यवृत्ती आणि विद्यावेतन यांना त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात सूट आहे. त्यामुळे परदेशी संस्थेच्या पत्रात 'देणगी' किंवा 'सहाय्य' असा मोघम शब्द असेल तर खाते क्रमांक देण्याआधी तो बदलून घ्या आणि सीएला दाखवा. सरकारी किंवा सरकारी नियंत्रणाखालच्या संस्थेत नोकरी असेल तर परदेशी पाहुणचारासाठी केंद्राची पूर्वपरवानगी लागते का, तेही तपासा.

स्थानिक वर्गणीतून काम करणार असाल तर सुरुवातीलाच सहा किंवा बारा महिन्यांचे पूर्ण पैसे बाजूला काढा. 'बघू पुढे' म्हणत पाहुण्याला बोलावणे ही क्रूरता आहे. आल्यावर त्याच्याशी लेखी करार करा. त्यात मुदत, खोली, दरमहा रक्कम, आजारपणाचा खर्च, कुटुंब येणार का, सभा-समारंभांत बोलण्याची सक्ती नाही हे, आणि मुदत संपायच्या किती महिने आधी पुढच्या सोयीचा विचार दोघांनी बसून करायचा ते, असे सगळे असावे. छायाचित्र छापायला परवानगी लागेल, असेही एक कलम टाका. आपल्याकडे सत्काराची हौस फार. कराराची प्रत पाहुण्याला कळेल त्या भाषेत करा आणि सहीच्या निदान चार दिवस आधी त्याच्या हातात द्या.